मुलांच्या फोनसाठी कुलूप, गाळणी की दुर्बीण?

दिवाळीत सांगलीला ताईकडे गेलो की माझ्या वाट्याला दोन कामं ठरलेली असतात: किल्ला आणि फोन. किल्ल्याचं काम भाच्याच्या बाजूनं, फोनचं काम भाच्याच्या विरुद्ध. मागच्या दिवाळीत चिखलाचे हात धुऊन आत येतो तोच ताईनं त्याचा फोन माझ्यापुढे ठेवला. "ह्याच्यात ते काहीतरी टाकून दे बाबा. हा दिवसभर काय करतो ते सगळं कळलं पाहिजे मला." भाचा सातवीत आहे. तो दारात उभा राहून माझ्याकडे बघत होता. तटबंदी बांधून झाल्यावर किल्लेदारच फितूर व्हावा, तसं.

सगळी गोम त्या 'काहीतरी'मध्ये आहे. प्ले स्टोअरवर 'पॅरेंटल कंट्रोल' असं शोधलं की ॲप्सची रांग लागते. सगळ्यांच्या जाहिरातीत तेच हसरं कुटुंब, तीच ढाल, तीच वैशिष्ट्यांची यादी. पण या एका नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली कुलूप: फोन किती वेळ चालेल, रात्री कधी बंद होईल, कोणतं ॲप उतरवता येईल हे ठरवणारी. दुसरी गाळणी: नको त्या वेबसाइट, नको ते व्हिडिओ अडवणारी. तिसरी दुर्बीण: मूल काय लिहितं, कोणाशी बोलतं, कुठे आहे हे आईबापांच्या फोनवर दाखवणारी. बहुतेक ॲप्समध्ये तिन्हींचं मिश्रण असतं आणि प्रमाण वेगवेगळं असतं. तुलना करायची ती या प्रमाणाची, स्टोअरवरच्या चांदण्यांची (रेटिंगची) नाही.

मी ताईला विचारलं, "तुला भीती नक्की कशाची वाटते?" तिनं एका दमात तीन गोष्टी सांगितल्या. रात्री पांघरुणात रील्स बघत बसतो. काहीतरी घाणेरडं दिसेल. कुणीतरी अनोळखी माणूस त्याच्याशी बोलायला लागेल. यातल्या पहिलीला कुलूप लागतं, दुसरीला गाळणी. तिसरीवर कोणतंच ॲप पुरं पडत नाही, पण दुकानदार नेमकी तीच भीती दाखवून दुर्बीण विकतो.

फोनबरोबर फुकट आलेलं कुलूप

अँड्रॉइड फोन असेल तर सुरुवात गूगलच्या फॅमिली लिंकपासून करावी. २०१७ साली आलेलं हे ॲप फुकट आहे. मुलाचं गूगल अकाउंट पालकाच्या अकाउंटला जोडायचं. मग पालकाच्या फोनवरून, तो आयफोन असला तरी, मुलाच्या अँड्रॉइडची रोजची वेळ ठरवता येते, रात्री फोन आपोआप बंद ठेवता येतो, एकेका ॲपला वेगळी मर्यादा घालता येते. नवं ॲप उतरवायचं झालं तर आईच्या फोनवर परवानगी मागणारा निरोप येतो. फोन चालू असेल तर तो नकाशावर कुठे आहे तेही दिसतं. मेसेज वाचता येत नाहीत, कॉल ऐकता येत नाहीत. ताईला हे ऐकून जरा वाईट वाटलं. मला मात्र तीच या ॲपची जमेची बाजू वाटते.

यूट्यूबची सोयही इथेच लागते. अगदी लहानांसाठी यूट्यूब किड्स आहे. त्याला कंटाळलेल्या मुलासाठी २०२१पासून देखरेखीतलं यूट्यूब मिळतं. त्यात तीन पायऱ्या आहेत: साधारण नऊ वर्षांपुढची, तेरापुढची, आणि प्रौढांचं वगळून जवळजवळ सगळं. सातवीतल्या मुलासमोर यूट्यूब किड्स ठेवणं म्हणजे त्याला बालवाडीच्या बाकावर बसवणं. तो दुसऱ्या दिवशी मित्राच्या फोनवर बघेल.

आता खरी अडचण. फॅमिली लिंक चालतं ते मुलाच्या खऱ्या वयावर. आपल्याकडे मुलाचं जीमेल उघडताना काय होतं? गूगल जन्मतारीख विचारतं, खरी टाकली की 'पालकांची परवानगी लागेल' म्हणतं, मग घाईत कोणीतरी १९९० टाकून मोकळं होतं. भाच्याचं अकाउंट कागदोपत्री पस्तिशीचं होतं! गूगलच्या लेखी तो माझ्या वयाचा गृहस्थ, त्याला काय दाखवायचं आणि काय नाही याची काळजी गूगल कशाला करेल? हे फक्त गूगलचंच नाही. इन्स्टाग्रामनं फेब्रुवारी २०२५मध्ये भारतात अठराच्या आतल्यांसाठी 'टीन अकाउंट' आणलं. ते आपोआप खासगी असतं, मुलाचं ज्यांच्याशी नातं जुळलेलं नाही अशा परक्यांचे मेसेज अडवतं, आणि सोळाच्या आतल्या मुलाला ही बंधनं सैल करायला पालकांची मंजुरी लागते. बीजीएमआय हा खेळ, म्हणजे पबजीचा भारतीय अवतार, बंदीनंतर २०२३मध्ये परत आला तेव्हा अठराच्या आतल्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून आला. या सगळ्या व्यवस्था खोट्या जन्मतारखेपुढे मान टाकतात. म्हणून कोणतंही ॲप घेण्याआधी जन्मतारीख दुरुस्त करा. आम्हाला त्यातच अर्धी दुपार गेली. मी वैतागून नवंच अकाउंट काढायच्या बेतात होतो, पण खेळातली सगळी कमाई जुन्या अकाउंटवर आहे म्हणून भाचा रडकुंडीला आला आणि आम्ही जुनंच दुरुस्त केलं.

वयाची तेरा वर्षं हा गूगलसाठी महत्त्वाचा टप्पा आहे. तेव्हा देखरेखीचे नियम बदलतात, आणि तेराच्या पुढच्या मुलाच्या अकाउंटला नव्यानं देखरेख जोडायची तर त्याची स्वतःची संमती लागते. म्हणजे बाराव्या वर्षी जे नुसतं लावता येतं ते चौदाव्या वर्षी मुलाशी बोलूनच लावावं लागतं.

आयफोनचं वेगळं घर

मुलाकडे आयफोन असेल तर फॅमिली लिंकचा उपयोग जवळजवळ नाही. तिथे ॲपलचंच स्क्रीन टाइम वापरायचं. ते २०१८मध्ये आयओएस १२ बरोबर आलं. फॅमिली शेअरिंगमध्ये मुलाचं अकाउंट घेतलं की वेळेची मर्यादा, रात्रीचा डाउनटाइम, प्रौढ वेबसाइटना बंदी, ॲप घेण्याआधी विचारणा हे सगळं पालकाच्या आयफोनवरून होतं. अट एकच: पालकाकडेही ॲपलचंच यंत्र हवं. बापाकडे सॅमसंग आणि मुलीकडे मावशीनं अमेरिकेतून आणलेला जुना आयफोन, अशी घरं आता कमी नाहीत. अशा वेळी मुलीच्या फोनवरच स्क्रीन टाइमचा वेगळा पासकोड घालायचा आणि बदल करायचा असेल तेव्हा फोन हातात घ्यायचा, एवढंच उरतं.

ॲपलची एक सोय मला खरंच हुशारीची वाटते. मेसेजमधून नग्न चित्र आलं किंवा जायला लागलं, तर फोन ते धूसर करतो आणि मुलाला सावध करतो. ही तपासणी फोनच्या आतच होते, चित्र ॲपलकडे जात नाही. आयओएस १७पासून तेराच्या आतल्यांसाठी ती मुळातच चालू असते. इथे आईला रोजचं काही दिसत नाही, आणि ज्याला सावध करायचं तो वेळेवर सावध होतो.

आयफोनवर बाहेरची ॲप्स लुळी का पडतात, याला एक इतिहास आहे. एकेकाळी ही ॲप्स मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट नावाचं तंत्र वापरायची. कंपनीनं कर्मचाऱ्याला दिलेल्या फोनवर कंपनीचा ताबा असतो ना, तेच ते. एप्रिल २०१९मध्ये ॲपलनं अशी बरीच ॲप्स स्टोअरमधून काढली आहेत किंवा त्यांचे पंख छाटले आहेत, अशी बातमी आली. कारण दिलं की एवढा ताबा तिसऱ्याच कंपनीकडे जाणं धोक्याचं आहे. कंपन्या म्हणाल्या, तुमचं स्वतःचं स्क्रीन टाइम आलं म्हणून आम्हाला हाकलता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं. काही आठवड्यांनी ॲपलनं अटी घालून परवानगी दिली आणि २०२१मध्ये बाहेरच्या ॲप्सना स्क्रीन टाइमचीच काही हत्यारं वापरायला उघडून दिली. तरी अँड्रॉइडवर एखादं ॲप जे दाखवतं त्यातलं बरंचसं त्याच कंपनीचं आयफोन ॲप दाखवू शकत नाही. पैसे भरण्याआधी वैशिष्ट्यांच्या यादीत 'अँड्रॉइड' आणि 'आयओएस' असे दोन रकाने वेगळे आहेत का ते बघा. नसतील तर यादी अँड्रॉइडची आहे असं धरून चाला.

विकतची ॲप्स कधी घ्यावीत

घरात मुलाचा अँड्रॉइड, मुलीचा आयपॅड आणि दोघांत एक विंडोज लॅपटॉप असेल, तर एकाच जागेवरून सगळं बघण्यासाठी विकतचं ॲप घेण्यात अर्थ आहे. बार्सिलोनाचं कस्टोडिओ या सगळ्या यंत्रांवर चालतं. त्याचा फुकट प्रकार एकाच यंत्रापुरता आहे. नॉर्टन फॅमिली विंडोज, अँड्रॉइड आणि आयफोनवर चालतं, मॅकवर नाही. प्रश्न फक्त विंडोज लॅपटॉपचा असेल तर मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी बरंचसं फुकट आहे. त्याची वेबसाइटची गाळणी मात्र एज ब्राउझरमध्येच चालते, म्हणून ती चालू केली की बाकीचे नेहमीचे ब्राउझर ते अडवतं. क्रोम उघडत नाही म्हणून संगणक बिघडला असं समजून दुरुस्तीला नेणारे लोक मला माहीत आहेत.

इथे माझीच फजिती सांगतो. माझ्या मुलीच्या फोनसाठी मी वर्षाचे पैसे भरून एक ॲप घेतलं होतं. रोज सकाळी चहाबरोबर अहवाल यायचा. मग एका आठवड्यात सलग शून्य मिनिटं दिसायला लागली. मी घरभर कौतुक करत फिरलो, पोरगी सुधारली. नवव्या दिवशी जेवताना तिनं आदल्या रात्रीच्या सामन्याचं शेवटचं षटक चेंडूगणिक सांगितलं, आणि घरातला टीव्ही तर दुरुस्तीला गेलेला. झालं असं होतं, की तिच्या फोनचा बॅटरी वाचवणारा बंदोबस्त मागे चालणारी ॲप्स गुपचूप बंद करत होता आणि त्यात पहिला बळी पहारेकऱ्याचाच गेला होता. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड फोनांत ही तऱ्हा आहे. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढावं लागतं, आणि अपडेट आल्यावर पुन्हा तपासावं लागतं. फॅमिली लिंक किंवा स्क्रीन टाइम फोनच्या पायातच बसवलेलं असल्यानं त्याला हा त्रास फारसा होत नाही. अहवालात शून्य दिसलं तर आनंद मानण्याआधी ॲप जिवंत आहे का ते बघा.

ॲपला दिसतं तरी काय?

हा भाग जरा तांत्रिक आहे, पण एकदा कळला की कोणतीही जाहिरात वाचून तिच्यातला फुगा ओळखता येतो.

पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही. आजच्या इंटरनेटची बहुतेक वाहतूक अशीच बंद पाकिटातून होते. वाटेत बसलेल्या गाळणीला एवढंच कळतं, की हे पाकीट यूट्यूबला चाललंय, हे इन्स्टाग्रामला. आत कोणता व्हिडिओ, कोणती रील, ते नाही. म्हणून अशी गाळणी इन्स्टाग्राम अख्खं अडवू शकते, त्यातली एक घाणेरडी रील अडवू शकत नाही. रील अडवायची तर इन्स्टाग्रामलाच सांगावं लागतं, म्हणजे पुन्हा खऱ्या वयाचं अकाउंट.

या पत्त्यावर चालणाऱ्या गाळणीचा सगळ्यात सोपा प्रकार फुकट मिळतो. वेबसाइटचं नाव टाकल्यावर तिचा आकडी पत्ता शोधून देणारी एक डिरेक्टरी असते, तिला डीएनएस म्हणतात. क्लाउडफ्लेअर कंपनीनं एप्रिल २०२०मध्ये कुटुंबांसाठी एक डिरेक्टरी काढली, तिचा क्रमांक १.१.१.३. प्रौढ वेबसाइटचा पत्ता विचारला की ती हात वर करते. घरच्या वायफायच्या राउटरमध्ये हा क्रमांक घातला की घरातल्या सगळ्या यंत्रांना लागू. मुलानं वायफाय बंद करून मोबाइल डेटा लावला की सुटला. त्यावर उपाय म्हणजे अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनांत असलेली 'प्रायव्हेट डीएनएस' ही सेटिंग. तिथे क्लाउडफ्लेअरच्या कुटुंबवाल्या डिरेक्टरीचं नाव घातलं की वायफाय असो वा डेटा, गाळणी चालू राहते. मूल सेटिंगमध्ये जाऊन ते पुसू शकतं, हे खरं. पण दहा वर्षांच्या मुलाला चुकून काही दिसू नये एवढ्यासाठी हे पुरतं. आणि फॅमिली लिंकची वेबसाइटची बंधनं क्रोमपुरती असताना, इतर ॲपच्या पोटातल्या छोट्या ब्राउझरवरही डीएनएस लागू पडतं.

मग प्रश्न येतो, पाकीट बंद असताना काही ॲप्स मुलाचं व्हॉट्सॲप वाचून दाखवतात ती कशी? ती वाटेत बसत नाहीत. ती मुलाच्या खांद्यामागे उभी राहतात. अँड्रॉइडमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाची एक परवानगी आहे. दृष्टिहीन माणसाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवण्यासाठी, हात न चालणाऱ्याच्या वतीनं बटण दाबण्यासाठी ती केली गेली. ती मिळालेल्या ॲपला पडद्यावरची अक्षरं वाचता येतात आणि बटणंही दाबता येतात. बँकेचे पैसे चोरणारी ॲप्स हीच परवानगी मागतात. विकतची बरीच चांगली पॅरेंटल ॲप्सही मागतात, कारण त्यांना दुसरा मार्ग नसतो. म्हणजे तुम्ही किल्ली देता आहात ती तिजोरीची. घेणारा सज्जन आहे की नाही एवढंच तपासायचं उरतं. कॉल आणि एसएमएस दाखवण्यासाठी काही कंपन्या प्ले स्टोअरच्या बाहेरून फाइल उतरवायला सांगतात, कारण गूगलनं २०१९पासून या परवानग्या बहुतेक ॲप्सना बंद केल्या. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका, असं आपण आईवडिलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. तीच सवय मुलाच्या फोनवर स्वतःच मोडायची का, हे ठरवून घ्या. आणि 'आधी प्ले प्रोटेक्ट (म्हणजे घातक ॲप्स हेरणारा गूगलचा पहारेकरी) बंद करा' असं कोणी लिहिलं असेल तर तिथूनच परत फिरा.

दुर्बिणीची दुसरी बाजू

एमस्पाय, फ्लेक्सीस्पाय अशी ॲप्स 'मुलाला कळणारही नाही' असं सांगून विकली जातात. गूगलचा २०२०चा नियम सांगतो, की पालकांचं देखरेखीचं ॲप प्ले स्टोअरवर चालेल, पण ते लपून बसता कामा नये. चालू असल्याची सूचना फोनवर दिसली पाहिजे. लपणारी ॲप्स म्हणूनच स्टोअरच्या बाहेर धंदा करतात. त्यांचं गिऱ्हाईकही फक्त पालक नसतं. बायकोवर, प्रेयसीवर पाळत ठेवायला तीच वापरली जातात. सज्ञान माणसाच्या फोनमध्ये त्याच्या परवानगीविना असं काही घालणं आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे.

दुर्बिणीतून तुम्हाला जे दिसतं ते आधी एका कंपनीच्या संगणकावर जातं. तिथून गळतं तेव्हा काय होतं? २०१८मध्ये टीनसेफ या अमेरिकी ॲपचे सर्व्हर उघडे सापडले. त्यात मुलांच्या ॲपल आयडीचे पासवर्ड चक्क वाचता येतील अशा अक्षरांत होते. वर, हे ॲप चालण्यासाठी मुलाच्या अकाउंटचं दुहेरी संरक्षण आधी बंद करावं लागायचं. त्याच वर्षी फॅमिली ऑर्बिट या ॲपकडचे २८१ जीबी फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या माणसाच्या हाती लागले. ते पाळतीखालच्या मुलांचे होते. एमस्पायची माहिती २०१५, २०१८ आणि २०२४ अशी तीनदा फुटली. लाइफ३६० हे कुटुंबाला एकमेकांचं लोकेशन दाखवणारं लोकप्रिय ॲप दलालांना लोकेशनची माहिती विकत असल्याचं डिसेंबर २०२१मध्ये 'द मार्कअप' या अमेरिकी वृत्तसंस्थेनं उघड केलं. पुढे कंपनीनं नेमक्या लोकेशनची विक्री थांबवायचं जाहीर केलं. आणि हे चारदोन वाईट ॲप्सपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. २०२० साली युरोपातल्या संशोधकांनी अँड्रॉइडची ४६ पॅरेंटल ॲप्स तपासली. त्यातली ७२ टक्के ॲप्स मुलांची माहिती अशा तिसऱ्या कंपन्यांना देत होती ज्यांचा उल्लेख त्यांच्या गोपनीयता धोरणात नव्हता. ११ टक्के ॲप्स व्यक्तिगत माहिती उघड्या पाकिटातून पाठवत होती.

आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो. कंपन्यांना पालकांची पडताळलेली संमती लागेल, मुलांचा माग काढणं आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले, पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तोवर चौकीदार आपणच.

मधला एक मार्गही आहे. अमेरिकेतलं बार्क सगळे मेसेज पालकाला दाखवत नाही. यंत्र ते चाळतं आणि धमकी, आत्महत्येचा विचार, लैंगिक छळ असं काही वाटलं तरच इशारा देतं. कल्पना चांगली. पण अशी यंत्रं इंग्रजीवर वाढलेली असतात. आपली मुलं रोमन अक्षरांत मराठी लिहितात, अर्धी हिंदी, अर्ध्या इमोजी. त्यातली कोणती शिवी प्रेमाची आणि कोणती खरी, हे सांगलीत जन्मल्याशिवाय कळत नाही.

फोन एकच असेल तर

वरचं सगळं मुलाचा वेगळा फोन धरून झालं. पण आपल्या कितीतरी घरांत मूल आईचाच फोन वापरतं, आणि त्यावर फॅमिली लिंक लावणं म्हणजे आईलाच कुलपात घालणं. अशा घरासाठी दोन छोट्या युक्त्या कोणत्याही विकतच्या ॲपहून भारी आहेत. अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये 'ॲप पिनिंग' असतं. अभ्यासाचा व्हिडिओ लावायचा, ॲप पिन करायचं आणि सोडवताना पिन विचारला जाईल अशी खूण करायची. मूल त्या ॲपच्या बाहेर पडू शकत नाही. आयफोनवर हेच काम 'गाइडेड ॲक्सेस' करतं. बाजूचं बटण तीनदा दाबायचं. व्हॉट्सॲपवरचे आईचे मेसेज, यूपीआय, फोटो सगळं सुरक्षित. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं केलं, की खेळातल्या हिऱ्यांपायी खातं रिकामं व्हायची भीतीही बरीच कमी होते.

आता ताईची तिसरी भीती, अनोळखी माणूस. २०२४च्या असर अहवालात (ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत) गावांतल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता आणि त्यांतल्या ७६ टक्क्यांनी त्या आठवड्यात समाजमाध्यमं वापरली होती. पण समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे ६२ टक्क्यांनाच माहीत होतं, आणि प्रोफाइल खासगी कसं करायचं हे ५५.२ टक्क्यांना. या दोन गोष्टी शिकवायला दहा मिनिटं लागतात. मी भाच्याला त्या शिकवल्या आणि वर सांगितलं, कुणी फोटो मागितला, धमकावलं, तर आधी मला फोन कर, मी आईला सांगण्याआधी तुला विचारीन. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही त्याच्या फोनमध्ये घालून ठेवली. हे त्याच्याशी मोकळेपणानं बोलता आलं, कारण त्याचे मेसेज कोणी वाचत नव्हतं. २०१८च्या एका अभ्यासात मुलांनीच प्ले स्टोअरवर पॅरेंटल ॲप्सबद्दल लिहिलेले ७३६ अभिप्राय तपासले होते. ७९ टक्के अभिप्रायांना दोन किंवा त्याहून कमी चांदण्या होत्या. मुलांची मुख्य तक्रार अशी, की ही ॲप्स फार बंधनं घालतात, खासगीपणावर घाला घालतात आणि त्यानं आईबाबांशी असलेलं नातं बिघडतं.

सांगली जिल्ह्यातल्याच मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२मध्ये वेगळाच उपाय काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद, मोठ्यांचेसुद्धा. ताईला हे माहीत होतं. "आमच्याकडे भोंगा वाजवला तर तुझे दाजीच पहिले घराबाहेर पडतील," ती म्हणाली. तरीही रात्री साडेनऊनंतर सगळ्यांचे फोन देवघराशेजारच्या फळीवर, असं ठरलं. भाच्यानं अट घातली, की शनिवारी अर्धा तास जास्त आणि दाजींना सूट नाही.

शेवटी आम्ही लावलं ते असं: फॅमिली लिंक, रात्रीचा बंद, इन्स्टाग्रामला दिवसाची मर्यादा, देखरेखीतलं यूट्यूब, प्रायव्हेट डीएनएस. एक रुपया खर्च झाला नाही. भाच्याला शेजारी बसवून प्रत्येक सेटिंग दाखवत लावलं. ताईनं समाधानानं फोन मिटला आणि आम्ही पुन्हा किल्ल्यावर गेलो.

मावळे मांडताना तो हळूच म्हणाला, "मामा, हे सगळं आईच्या फोनवरून चालतं ना?"

"हो."

"आणि आईच्या फोनचा पिन माझी जन्मतारीख आहे, ते चालेल का?"

मी पुन्हा हात धुवायला गेलो.